माकूल अध्यक्षांची हरकत

कांदळवाडी मच्छीमार सोसायटीचे विद्यमान अध्यक्ष माकूल आहेत, इंग्रजीत ज्याला स्क्विड म्हणतात ते. गेल्या निवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले.

निवडणुकीच्या आधी सोसायटीच्या उपविधीत एक दुरुस्ती झाली होती. आधीच्या अध्यक्षांचे कारभार पाहून सभासद विटले होते, आणि सर्वसाधारण सभेत एकमताने ठरलं की यापुढे अध्यक्ष पारदर्शक असावा. दुरुस्ती तालुक्याला गेली आणि मंजूर होऊन आली. तिचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नाही. मराठी सरळ होती.

छाननीला तालुक्याहून बोंद्रेसाहेब आले. ते देशावरचे, नियमाला पक्के. त्यांनी उमेदवारांना एकेक करून खिडकीपाशी उभं केलं. खिडकीबाहेर सोसायटीचा डिझेल पंप आहे. उमेदवारातून तो पंप दिसतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दाजी खोबरेकरांतून दिसला नाही. दाजींचे दोन ट्रॉलर आहेत आणि अंगानेही ते भरलेले आहेत. भिवा तांडेल म्हणजे आमचे भिवाआबा हाडं आणि कातडं एवढेच उरलेले, त्यामुळे त्यांच्याकडून थोडी आशा होती. त्यांनी पोट आत घेतलं, श्वास रोखला.

"साहेबानूं, आता दिसता?"

"नाही."

"जरा वाकडो रवान बघू?"

"तुम्ही वाकडे राहिलात तरी नियम सरळच आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी अर्ज बाद केला.

टेबलावर एक बादली होती. साहेबांच्या जेवणासाठी दाजींनीच त्यात एक जिवंत माकूल पाठवलं होतं. हताश होऊन साहेबांनी बादलीत पाहिलं. तळाला बादलीच्या कारखान्याचा छाप होता. माकूल छापावर येऊन थांबलं, तरीही अक्षरं दिसत होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. मग विचारलं, "राहणार कुठले?"

"दर्यातले," दाराशी उभी असलेली माझी काकी म्हणाली.

"म्हणजे कार्यक्षेत्रातले. सूचक?"

काकीने हात वर केला. अनुमोदन भिवाआबांनी दिलं, कारण त्यांना दाजी नको होते. साहेब त्या दिवशी डाळभात जेवले.

मी तेव्हा परदेशात होते. सहा वर्षं एका थंड देशात, बर्फाने गोठणाऱ्या समुद्राच्या काठी, मी माकुलाच्या कातडीचा अभ्यास केला. तिथे मला नोकरी मिळत होती. पण माझ्या गावाने स्वतःच्या कारभारासाठी जगातली सर्वांत सुंदर कातडी निवडली, हे कळल्यावर मी एकही दिवस थांबू शकले नाही. लोकशाही आणि विज्ञान एका काचेच्या टाकीत एकत्र नांदू शकतात, यावर माझा पूर्ण विश्वास होता. अजूनही आहे.

सोसायटीने माझी मानद कातडीवाचक म्हणून नेमणूक केली. पहिल्याच सभेत मी फळ्यावर आकृती काढून सभासदांना अध्यक्षांची कातडी समजावून दिली.

"अध्यक्षांच्या कातडीत वरच्या थरात रंगाच्या बारीक पिशव्या आहेत," मी सांगितलं. "तांबड्या, पिवळ्या, तपकिरी. प्रत्येक पिशवीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू आहेत. मेंदूतून हुकूम आला की सगळे स्नायू एकदम ओढतात, पिशवी ताणून पसरते आणि अंग गडद होतं. स्नायू सैल पडले की पिशवी मिटून टिंबाएवढी होते. मग रंग दिसेनासा होतो आणि अध्यक्ष आरपार दिसतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं."

"आणि खाली काय आसा?" भिवाआबांनी विचारलं.

"खाली आरशांचा थर आहे. त्यात रंग नाही, नुसते एकावर एक रचलेले पातळ पापुद्रे. उजेड त्यांच्यावरून परततो तेव्हा निळा-हिरवा चमकतो. हा थर सावकाश काम करतो."

"म्हणजे सरकारी," भिवाआबा म्हणाले.

त्या सभेत कामकाजाची पद्धत ठरली. ठराव अध्यक्षांपुढे वाचायचा. ते पारदर्शक राहिले तर हरकत नाही, गडद झाले तर हरकत. त्यांनी शाई सोडली तर ती सही. अध्यक्षांना स्वतःला रंग दिसत नाहीत. माकुलांना दिसतच नाहीत, त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यामुळे आपण हरकत घेतली की नाही, हे त्यांना माझ्याकडूनच कळायचं. वाचकाची जागा त्यासाठीच निर्माण केली होती.

काही महिने कारभार उत्तम चालला. टाकी अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवली होती. दर भरतीला पाणी बदलायचं, दुपारी जिवंत कोळंबी द्यायची. बर्फ आधी कुणाला द्यायचा, जेटीवर कुणाची होडी कुठे लावायची, असले वर्षानुवर्षांचे तंटे अध्यक्षांनी क्षणात मिटवले. डिझेलच्या वाटपावर त्यांनी एकदा इतकी शाई सोडली की त्या सभेचं पुढचं कामकाज कुणाला दिसलंच नाही. तरी ते कायम करण्यात आलं. लोक जेटीवर म्हणायचे, "अध्यक्ष काय बोलना नाय, पण लपवना पण नाय."

उपाध्यक्षपदी दाजी होते. त्या पदाला पारदर्शकतेची अट नव्हती.

एक दिवस दाजींनी ठराव आणला. सुरूच्या बनाखालचं मासळी सुकवायचं खळं मोडून तिथे मोठी शेड बांधायची, दाजींच्या ट्रॉलरची मासळी तिथे उतरवायची, सोलायची आणि गाडीत भरायची. ते खळं माझ्या काकीचं. द्रुपदाकाकीची आई तिथेच बांगडे सुकवायची, तिच्या आईची आईही. कागदावर जागा सोसायटीची होती, पण वारा काकीचा होता. गावात दुसरीकडे कुठेही मासळी दोन दिवसांत सुकत नाही, कुजते. खळं गेलं तर काकीचा धंदा गेला, आणि काकीला दुसरं काही येत नाही. ती तसं स्वतःच सांगते, आणि अभिमानाने सांगते.

सभेच्या आदल्या दिवशी मी टाकीचं पाणी बदलायला गेले तर टाकीच्या तळाला आणि तिन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र लाद्या चिकटवलेल्या होत्या. न्हाणीघरात लावतात तशा. दाजी तिथेच उभे होते.

"दाजी, हे काय केलंत?"

"स्वच्छता. अध्यक्षांक काय घाणीत ठेवचा?"

"पांढऱ्या जागेत माकूल फिकटच राहतं. मागे जसं असेल तशी कातडी होते. ते आता कशालाच हरकत घेणार नाहीत."

"म्हणजे पारदर्शक रवतले?"

"हो, पण..."

"मगे पारदर्शक व्हयो ना तुमका अध्यक्ष? मी तर मदतच करतंय." दाजींनी एका लादीवरून प्रेमाने हात फिरवला. "पांढरी लादी खंयच्या कायद्यात बंद आसा, ता दाखय."

मी शोधलं. बंद नव्हती.

काकीकडे गेले तेव्हा ती खळ्यावर बोंबील उलटत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझी ती परदेशातली काळी छत्री आसा ना गो?"

"आहे."

"मगे सभेत ती उघड आणि टाकयेच्या फुडे धर. काळोख दिसलो काय होतले काळे."

"काकी, तो भ्रष्टाचार होईल."

"आणि लादी लावली तो काय, पूजा?"

"त्यांनी केलं म्हणून आपण करायचं नाही. मी खरं काय ते सभेत उभी राहून सांगेन."

काकीने हातातला बोंबील खाली ठेवला. "सहा वर्षां शिकलंस गो," ती म्हणाली, "आणि येताना छत्रीच तेवढी उपेगाची आणलंस. ती पण उघडना नाय म्हणतंस."

सभेला बोंद्रेसाहेब निरीक्षक म्हणून आले. सभागृह भरलं होतं. काकी मागे भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्ष टाकीत होते आणि मागच्या पांढऱ्या लादीवरची एक चीर त्यांच्यातून स्पष्ट दिसत होती. त्यांचे डोळे तेवढे दिसायचे. डोळे लपवता येत नाहीत. हालचाल मात्र मंद वाटत होती. माकुलाचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं आणि अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची, ही अडचण मी पूर्वीच लेखी कळवली होती. तिची नोंद घेण्यात आली होती.

ठराव वाचण्याआधी मी बोलायची परवानगी मागितली.

"सभासदहो," मी म्हणाले, "मला एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माकूल पारदर्शक होतं ते काही दाखवायला नव्हे. ते लपण्यासाठी पारदर्शक होतं. मोठ्या माशाला दिसू नये म्हणून. आपण ज्याला 'हरकत नाही' समजतो ते बहुधा 'मी इथे नाहीच' असं असतं."

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं टाकीकडे वाकून पाहू लागले. मला वाटलं, आता काहीतरी बदलेल.

"मगे आदीचे अध्यक्ष दुसरा काय करी होते?" भिवाआबा म्हणाले.

लोक हसले. दाजीही हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लपण्यास उपविधीत मनाई नाही. ठराव वाचा."

दाजींनी ठराव वाचायला घेतला. लांबलचक होता. त्यात गावाचा विकास होता, तरुणांना काम होतं, काकीच्या खळ्याला 'पडीक जागा' असं म्हटलं होतं. तो शब्द आला तेव्हा काकीने भिंतीवरची पाठ काढली आणि सरळ उभी राहिली. मी अध्यक्षांकडे पाहत होते. ते तळाला टेकले. कल्ल्यांची हालचाल थांबली. दाजी "मंजूर करण्यात यावे" असं म्हणाले त्याच्या थोडं आधीच अध्यक्षांचं निधन झालं होतं.

माकूल मेल्यावर आधी फिकट पडतं आणि त्याचं मांस दुधासारखं पांढरं होऊ लागतं. पण कातडी लगेच मरत नाही. मेंदूचा हुकूम बंद झाला तरी पिशव्यांचे स्नायू आपले आपण ओढू लागतात. एका ठिकाणी गडद डाग उमटतो, तो पसरतो, ढगाची सावली डोंगरावरून जावी तसा अंगावरून सरकत जातो, मग दुसरा येतो. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, तरी दर वेळी पाहत राहते. पांढऱ्या लाद्यांच्या मधोमध अध्यक्ष डोक्यापासून पायांपर्यंत काळपट तांबडे झाले.

"वाचकांनी वाचावं," साहेब म्हणाले.

काकीच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं वाक्य मला बोलता आलं नसतं.

"साहेब, आधी एक नोंद करा. अध्यक्ष वारले आहेत. ही हालचाल मृत्यूनंतरची आहे. तिच्यामागे मेंदू नाही."

"मेंदूबाबत उपविधीत अट नाही," साहेब म्हणाले. "रंग कोणता आहे तेवढं सांगा."

"गडद."

"हरकत. ठराव नामंजूर."

मागून काकीचा आवाज आला, "देवा म्हाराजा!"

दाजी उठून उभे राहिले. "ह्या काय चल्लां? मेलेल्याची हरकत खंयसून इली? मेलो म्हणजे पद रिकामा झाला. उपाध्यक्ष म्हणान आता मी बघतंय कारभार. ठराव परत वाचूया."

साहेबांना उपविधी तोंडपाठ होते. ते डोळे मिटून म्हणाले, "अध्यक्षपद तीन कारणांनी रिक्त होतं. राजीनामा, अविश्वास आणि पारदर्शकता गमावणं. मृत्यूचा उल्लेख नाही. अध्यक्षांनी राजीनामा दिला आहे का?"

साहेबांनी टाकीत पाहून खात्री केली.

"अविश्वास?"

"माझो पूर्ण विश्वास आसा," भिवाआबा म्हणाले.

"मगे पारदर्शकता बघा!" दाजी टाकीकडे धावले आणि त्यांनी बोट दाखवलं. "बघा, चीर दिसता काय मागची? नारळाच्या खोबऱ्यासारखे पांढरे झाले. दिसता काय आरपार?"

दिसत नव्हतं. रंगाची लाट क्षणभर ओसरली होती आणि मांस पुरतं अपारदर्शक झालं होतं. साहेब वाकले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. खळं गेलं, हे मला तेव्हा कळलं. काकीलाही कळलं असावं, कारण ती पुन्हा भिंतीला टेकली.

"पारदर्शकता गमावल्यास," साहेब सावकाश म्हणाले, "ती पुन्हा मिळवण्याची वाजवी संधी द्यावी लागते. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे."

दाजींना जिंकल्याची खात्री झाली होती, म्हणून त्यांनी टोमणा मारला. "संधी? आता काय, सुकत घालतलात तेंका?"

या वेळी कोणी हसलं नाही. सुकं माकूल कांदळवाडीत घरोघरी असतं. पाणी आटलं की ते मधाच्या रंगाचं होतं आणि उजेडासमोर धरलं की पलीकडची बोटं मोजता येतात. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दाजींनाही माहीत होतं, आणि ते आठवताच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

साहेबांना माहीत नव्हतं. "सुकल्यावर ते पारदर्शक होतात?" त्यांनी विचारलं.

"होतत," सभागृह म्हणालं.

"उपाध्यक्षांची सूचना मला योग्य वाटते. अनुमोदन?"

अर्ध्या सभागृहाने हात वर केले. सुकवायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. गावात दोन दिवसांत मासळी सुकते अशी एकच जागा आहे.

मी एकच अट घातली, की कातडी काढायची नाही. सुकवताना कातडी सोलून टाकायची रीत आहे, पण निर्णय कातडीचा होता. काकीने ती मान्य केली. तिने अध्यक्षांना स्वतःच्या हाताने चिरलं, धुतलं, मिठाच्या पाण्यातून काढलं आणि खळ्यावर सर्वांत उंच दोरीला, एकट्याला, टांगलं. साहेब गावातच राहिले. दोन उन्हं चांगली मिळाली. वाराही काकीचाच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे खळ्यावर जमले. साहेबांनी अध्यक्षांना दोरीवरून न काढता त्यांच्यातून पाहिलं. पलीकडे समुद्र होता, आणि समुद्रात दाजींचे ट्रॉलर. साहेबांनी ट्रॉलरवरचे नंबर वाचून दाखवले. मग मला जवळ बोलावलं.

"हे ठिपके कसले?"

अध्यक्षांच्या अंगावर तांबूस-काळे ठिपके दाट पसरले होते. शेवटची लाट अंगावर असतानाच काकीने त्यांना मिठाच्या पाण्यात बुडवलं होतं. पिशव्या उघड्याच राहिल्या, आणि तशाच सुकल्या.

"हरकत, साहेब," मी म्हणाले. "ती आता मिटणार नाही."

"म्हणजे अध्यक्ष पारदर्शक आहेत आणि हरकत कायम आहे."

"दोन्ही."

"असं एका वेळी मी कुठे पाहिलं नव्हतं," साहेब म्हणाले. नोकरीतलं हे त्यांचं पहिलंच वैयक्तिक मत असावं. मग ते लगेच कामाकडे वळले. अध्यक्ष जिथे बसतात तिथे सोसायटीचं कार्यालय, असं उपविधीत आहे. अध्यक्षांना ऊन-वारा मिळाला नाही तर बुरशी येऊन पारदर्शकता जाईल, असं मी वाचक म्हणून लिहून दिलं. ते खरंही आहे. त्यामुळे खळं हे कार्यालय ठरलं, आणि कार्यालय मोडून शेड बांधता येत नाही.

दाजी खालच्या मानेने पुढे आले आणि अध्यक्षांना हात जोडले. मग काकीकडे वळून म्हणाले, "द्रुपदे, लादयेचे पैसे तरी देतलंस?"

"लादयो न्हाणयेत लाव," काकी म्हणाली. "थंय पारदर्शक हो."

तेव्हापासून सभा खळ्यावर भरते. लोक वाळूत बसतात, बोंबील-बांगड्यांच्या दोऱ्यांखाली. मी ठराव आला की अध्यक्षांसमोर उभी राहते आणि वाचते. अध्यक्षांनी आजवर मत बदललेलं नाही. आलेल्या प्रत्येक ठरावाला त्यांची हरकत आहे, त्यामुळे गावात नवीन काही होत नाही. पण जे होतं त्यातलंही काही जात नाही. मी सुधारणा सुचवल्या आहेत. त्यांनाही अध्यक्षांची हरकत आहे. मला वाईट वाटतं, पण वाचनात मी कधी फरक केला नाही. छत्री फक्त उन्हासाठी वापरते.

दिवसभर काकी बांबूची काठी घेऊन बसते. कावळा सर्वांत उंच दोरीकडे वळला की ओरडते, "हाड मेल्या! अध्यक्ष आसत ते!"

पावसाळ्यात खळं बंद असतं. तेव्हा सोसायटीचं कार्यालय काकीच्या फळीवर, मिठाशेजारच्या बरणीत असतं. बरणी काचेची आहे.